बंद कोना, खुला कोना

त्या माणसानं पहिला दीड महिना मला कात्रीला हात लावू दिला नाही. मी बजाजनगरहून सिटी बसनं औरंगपुऱ्याला उतरायचे, तिथून अंग चोरत चोरत गुलमंडीत यायचे, कापडाच्या दुकानाचा लाकडी जिना चढून माळ्यावर जायचे, आणि वर मला काय मिळायचं, तर जुनं वर्तमानपत्र. "फाड," मास्तर म्हणायचे. "चौकोन फाड." मी दोन लेकरांची आई, बारावी पास बाई, आणि हे मला चौकोन फाडायला लावणार. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मास्तर म्हणजे त्या दुकानाचे कटिंग मास्तर. खाली कापड विकायचं आणि वर मुलीबाळींचे कपडे शिवून द्यायचे, असं ते दुकान. मालक पैठणकडचे, गावाकडं शेती आणि इथं दुकान. ते यांना मास्तर म्हणत, आणि हे त्यांना पाटील. मास्तर उंच, किडकिडीत माणूस, पांढरी दाढी नीट कातरलेली, गळ्यात इंचटेप. चाळीस वर्षं एकाच टेबलाशी उभे होते. मी खरं तर तिथं काजं-बटणं करायला लागले होते. नवऱ्याचं वाळूजच्या कंपनीतलं कंत्राट कधी असायचं, कधी नसायचं. घरात शिलाई मशीन होतं, पण बेतताच येत नसेल तर त्या मशीनवर फार तर भाजी निवडत बसता येतं. म्हणून मी मास्तरांच्या मागं लागले, मला कटिंग शिकवा. ते म्हणाले, "शिकवतो. पण घाई नक्को करू. कपडा नंतर. पहले आकार."

आकार म्हणजे काय, तर पेपरचं एक पान घ्यायचं, एक कोपरा दुमडून समोरच्या कडेला लावायचा, उरलेली पट्टी फाडून टाकायची. झाला चौकोन. तोच एकदा दुमडला की त्रिकोण. त्यांच्या उर्दू शाळेत त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचे. माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत काय म्हणायचे ते त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाले, "कात्रीला दोन्ही चालतं." मग चौकोन ओढून लांबट करायचा, लांबट चौकोनातून दोन त्रिकोण काढायचे, तेच दोन त्रिकोण उलटे लावून पुन्हा चौकोन जुळवायचा. दिवसभर हेच. संध्याकाळी बसमध्ये माझ्या पदराला पेपरचे कपटे चिकटलेले असायचे.

एक दिवस त्यांनी हातभर कापडातून छोटा चौकोन कापला, तिरका करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ये क्या है?"

"शंकरपाळं," मी म्हटलं.

त्यांनी बोटानं तो सरळ केला. "अब?"

"चौकोन."

"मग मघाशी त्यानं नाव बदललं होतं का? तू मान वाकडी करून बघितलं तर तुझं नाव बदलतं?"

दुसऱ्या दिवशी ते घरून एक कळीदार कुर्ता घेऊन आले. चांगला, इस्त्रीचा, ईदला घालायचा. माझ्यासमोर बसून त्यांनी तो पूर्ण उसवला. मी नको नको म्हणत होते. सगळे तुकडे जमिनीवर मांडले. पुढचा-मागचा भाग, दोन लांबट चौकोन. बाह्या, आणखी दोन. बाजूच्या चार कळ्या, त्रिकोणच, फक्त टोक जरा छाटलेलं. आणि काखेत बसवायचे दोन छोटे चौकोन, त्यांना चौबगला म्हणतात, ते मात्र तिरके बसतात. गळा सोडला तर अख्ख्या कुर्त्यात गोल असं काही नव्हतं. "ये दो छोटे नसतील ना," ते म्हणाले, "तर माणूस हात वर करून बसचा दांडा धरू शकत नाही. काखेत फाटलंच." मी रोज बसचा दांडा धरणारी बाई. ते मला पक्कं बसलं. कुर्ता त्यांनी पुन्हा माझ्याकडून शिवून घेतला, आणि त्या ईदला तोच घातला. एक कळी उलटी लागली होती, तरी घातला.

माणसांकडंही ते तसंच बघायचे. बँकेतले एक साहेब मुलीचे फ्रॉक शिवायला टाकायचे, त्यांचं नाव लांबट चौकोन. मालक आधी त्रिकोण होते, लग्नानंतर गोल झाले, असं ते मालकांच्या तोंडावर सांगायचे. मी विचारलं, "आणि मी?" तर म्हणाले, "तू त्रिकोण. जिधर से भी पकडो, चुभती." मालक खाली गल्ल्यावर बसून खो खो हसले. मी दोन दिवस मास्तरांशी बोलले नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

बायका मोबाइलवर फोटो घेऊन यायच्या. मास्तर मोबाइल लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "यात एक गोल आहे, दोन त्रिकोण आहेत. बाकी सगळी लाइट आहे." एकदा एक शाळेच्या बाई आल्या, सोबत मुलगी आणि तिचं पहिलीचं आकार ओळखा असलेलं पुस्तक. माप घेता घेता मास्तरांनी ते चाळलं. त्यात गोल म्हणून चेंडूचं चित्र होतं. झालं. खडू बाजूला ठेवून मास्तर म्हणाले, "चेंडू गोल नै होता बाई. गोल म्हणजे जो टेबलावर आडवा पडतो. चेंडू पडतो का? संत्र्याची साल काढून टेबलावर पसरून दाखवा, न फाटता." बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे म्हणजे बरोबरच असणार. मास्तरांनी बॉलपेन घेतलं आणि चेंडूवर फुली मारली. पोरगी इतकी खूश झाली की तिनं पेन मागून घेतलं आणि आणखी दोन चित्रांवर फुल्या मारल्या. त्या बाई पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

गोलाच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. वाटी ठेवून, बशी ठेवून गळा आखायचा नाही. "बशी फुटली तर काय गिऱ्हाईकाला बिनगळ्याचा कपडा देणार?" एक दोरा, एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला खडू. गाठ अंगठ्याखाली दाबायची आणि खडू फिरवायचा. बस.

आणि मग अंब्रेला फ्रॉक. तो मास्तरांचा खास. गुलमंडीत त्यांचं नाव होतं ते त्यावरच. लहान मुलीच्या फ्रॉकचा अख्खा घेर एका चौकोनी कापडातून, एकाही जोडाशिवाय. कापड दोनदा दुमडायचं, म्हणजे चार पदर एकावर एक. आता या घडीला चार कोपरे. एका कोपऱ्यात सगळ्या घड्या येऊन मिळतात, तो बंद कोना. तोच कापडाचा मध्य. त्याच्या समोरचा कोपरा खुला, तिथं चार सुटी टोकं. दोऱ्याची गाठ बंद कोन्यावर ठेवून कापलं, तर उघडल्यावर छत्रीसारखा एकसंध घेर. चुकून खुल्या कोन्यावर ठेवली, तर उघडल्यावर हातात चार सुटे तुकडे. घडी घातलेली असताना दोन्ही सारखंच दिसतं, हीच त्यातली गोम. दर सोमवारी सकाळी मास्तर पेपरवर हे दोन्ही करून दाखवायचे, जणू मी आठवड्याभरात विसरणारच.

मी विसरलेच. पहिल्यांदा खरं कापड हातात आलं आणि मी खुल्या कोन्यातून कात्री चालवली. चार तुकडे हातात आले. मास्तर रागावले नाहीत. पण त्यांचा एक नियम होता. ज्यानं बिघडवलं, त्यानंच गिऱ्हाईकासमोर ते उघडून दाखवायचं आणि माझ्या हातून झालं म्हणायचं. मी रडले, हातापाया पडले, मालकसुद्धा म्हणाले की जाऊ द्या मास्तर, आपण दुसरं कापड देऊन टाकू. मास्तर म्हणाले, "कापड द्या. पण दाखवायचं हिनं." त्या बाईनं मला भर दुकानात काय काय सुनावलं. मास्तर शेजारी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. नंतर मात्र माझ्या हातून तो कोना कधी चुकला नाही.

अशी तीनेक वर्षं गेली. मी बेतायला लागले, साधे कपडे माझ्याकडं आणि अवघड मास्तरांकडं. मग काही गोष्टी मला खटकायला लागल्या. कापडाची घडी ते मला घालायला सांगू लागले. कडा डोळ्यांनी बघायच्या ऐवजी अंगठ्यानं चाचपायचे. जिन्याच्या चौकटीला दोनदा खांदा आपटला. "इथं स्टूल कोणी ठेवलं?" म्हणून ओरडायचे, आणि स्टूल तिथं चाळीस वर्षांपासून होतं.

त्याच सुमाराला मालकांनी मला जिन्यापाशी थांबवलं. म्हणाले, "ताई, मास्तर माझ्या वडलांच्या काळातले. मला काय त्यांचं वाईट करायचं नाय. पण मागच्या महिन्यात एक ब्लाऊज वाकडा गेला, आता गिऱ्हाईक ऐकून घेत नाय. अजून एक कापड बिघडलं ना, तर मी टेबल दुसऱ्याला देणार. सुरतेत काम केलेला एक पोरगा बघून ठेवलाय. तुमच्याजवळ म्हणून बोललो."

टेबल गेलं तर मास्तरांचं काय राहणार होतं? बायको जाऊन सहा वर्षं झालेली. रोशन गेटकडं मुलाच्या घरी एक खाट आणि एक खिडकी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते दुकानाच्या बंद शटरपर्यंत चालत येतात आणि परत जातात, हे मला कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं होतं. मी ठरवलं, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. घडी मी घालीन, खूण मी करीन, त्यांनी फक्त कात्री चालवावी.

आणि नेमकी त्या दिवशी मी खाली बटणं आणायला गेले. सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई होत्या, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाचा फ्रॉक होता. गुलाबी कापड त्यांच्या बहिणीनं बाहेरगावाहून आणलेलं, पन्ह्याएवढंच, म्हणजे रुंदीएवढंच लांब, वर चिंधीसुद्धा उरणार नाही असं. वरचा भाग शिवून तयार होता. मी वर आले तेव्हा मास्तर दुपारच्या नमाजाला गेलेले आणि कापलेला घेर टेबलावर घडीतच पडलेला. मी उचलला. तो एक नव्हता. चार होते.

खाली मालकांचा आवाज येत होता, कुणाला तरी पडद्याचं कापड दाखवत होते. मग मी मशीनवर बसले. चार पाव तुकडे जोडले तर पुन्हा एक गोलच होतो, हे मला त्या पेपरच्या कपट्यांनीच शिकवलं होतं. शिलाईत कंबर आवळली, म्हणून आतला गोल नखभर मोठा केला. चारही जोडांवर वरून खालपर्यंत सोनेरी गोट्याची पट्टी लावली. वरचा भाग जोडला, फ्रॉक हँगरला लावला. माझ्या आयुष्यात मी इतक्या भरभर शिवलं नसेल. मास्तर आले तेव्हा मी अगदी साळसूदपणे म्हटलं, "मास्तर, थोडा गोटा लावला. वाढदिवसाचा आहे ना, उठून दिसतो."

ते फ्रॉकपाशी गेले, घेराची कड हातात धरली आणि गोल फिरवत गेले. अंगठा एका जोडावर थांबला. मग दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्यावर पोचल्यावर त्यांनी कड सोडली. खिडकीशी जाऊन चहाचा रिकामा ग्लास हातात घेऊन बसले, आणि पाच वाजेपर्यंत काम केलं नाही.

पाचला नर्सबाई मुलीला घेऊन आल्या. मी फ्रॉक घेऊन खाली जायला निघाले, तर मास्तरांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरले. मालकांसमोर, त्या बाईंसमोर त्यांनी फ्रॉक उलटा केला, आतले चार जोड दाखवले. "बाई, मैं गलत कोने से काटा. चार तुकडे झाले होते. या पोरीनं जोडले. गलती मेरी है."

"नाही," मी जिन्यावरून ओरडले. "मालक, मी कापलं ते. मास्तर नमाजाला गेले होते. माझ्या हातून झालं."

मास्तर माझ्याकडं वळले. "चुप बैठ," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी असे ओरडले नव्हते.

नर्सबाई बिचाऱ्या गोंधळल्या. त्या म्हणाल्या, अहो छान झालाय, मला तर असाच आवडला. पोरीनं तो तिथंच कपड्यांवर चढवला आणि गरागरा फिरली. घेर चांगला उठला. पण मालकांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते मास्तरांच्या डोळ्यांकडं बघत होते. "मास्तर," त्यांनी हळू विचारलं, "कधीपासून?"

"तीन महिने," मास्तर म्हणाले. "बोलूं बोलूं बोलके रह गया, पाटील."

मालकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, रिक्षात बसवून दिलं. वाईट माणूस नाही तो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "सुरतेच्या पोराला नाय म्हणून कळवतो. आता टेबल तुम्ही सांभाळा." ज्या टेबलासाठी मी खोटं बोलले, ते माझ्याच गळ्यात पडलं.

मी तशीच उठून मास्तरांच्या घरी गेले. मी भांडायलाच गेले होते. म्हटलं, "काय गरज होती? बाई खूश होत्या, मालकांना कळलंही नसतं. मी बोलले होते ना माझ्या हातून झालं म्हणून. तुम्ही आज तिथं उभे असता."

ते खाटेवर बसले होते, इंचटेप गळ्यातच होती. म्हणाले, "काचबिंदू बोलते डॉक्टर. मधलं दिसतं, बाजूचं गेलं. कपडा पूरा पसरला तरी कोने नै दिखते." इंचटेपचं टोक बोटांनी चाचपलं. "मैं तीन महिने झूट बोल रहा था. कात्री चालवत होतो, अल्लाचं नाव घेऊन. मेरेकू लगा, कोई नै देखता. मग तू गोटा लावून माझ्यासाठी खोटं बोलली. तेव्हा मला लाज वाटली. तुझ्याकडून खोटं बोलवून घेणारा मी कसला मास्तर?"

मी भांडायला गेलेली बाई, त्यांच्या सुनेनं आणून दिलेलं पाणी पिऊन गुमान परत आले, आणि टेबलाशी उभी राहिले.

महिनाभरात नर्सबाईंच्या कॉलनीतल्या दोघीजणी आल्या. त्यांना तसाच फ्रॉक हवा होता. चार जोडांचा, जोडावर गोटा लावलेला. मी म्हटलं, आमच्याकडं बिनजोडाचा घेर मिळतो, तो जास्त चांगला असतो. त्यांना तो नको होता. मग आणखी चौघी आल्या. मालक म्हणाले, "ताई, कापा की खुल्या कोन्यातून. लोकांना तेच पाहिजे." मुद्दाम खुल्या कोन्यावर गाठ ठेवायची, तर मी आधी दोनदा ती बंद कोन्यावर ठेवून उचलली. गिऱ्हाईकं नाव विचारायला लागली, तेव्हा मालकांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून पाटी लावली, येथे मास्तर घेर शिवून मिळेल.

मला वाटलं, मास्तरांना बरं वाटेल. मी मूर्ख. सुट्टीच्या दिवशी गेले आणि उत्साहानं सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "क्या बोलते उसकू?"

"मास्तर घेर."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चालीस साल मैं बगैर जोड का घेर काटा. त्याला कुणी माझं नाव दिलं नाही. एकदा हात चुकला, तर त्याला माझं नाव?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "पाटील कू बोल. नाव बदल दो. इतना काम कर मेरा."

मी त्याच आठवड्यात मालकांना सांगितलं, अगदी मास्तरांच्या शब्दांत सांगितलं. मालक म्हणाले, "अहो ताई, मान हाय तो मास्तरांचा. आता गिऱ्हाईक त्याच नावानं विचारतं, मी काय करू?" मी पुन्हा सांगितलं, दोनदा भांडले. पाटी आहे तिथंच आहे.

मास्तरांकडं मी अजून जाते. आता त्यांना मधलंही फार दिसत नाही. चहा होतो, पोरांची चौकशी होते, कोण आलं, काय शिवलं ते सगळं विचारून होतं. मी उठायला लागले की ते हमखास विचारतात, "वो नाव बदले क्या?"

"बदललं, मास्तर," मी म्हणते, आणि चपला घालते.